चोवीस तासांची हवा

मास्तर गुडघ्यांवर बसले, होडीची मागची बाजू दोन्ही हातांनी उचलून त्यांनी कडेच्या रबरी झालरीखाली मान घातली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचले,

"चौदा."

ऐकायला दुकानदार आणि मास्तरांची बायको, एवढी दोनच माणसे होती. तरी मास्तरांनी मान बाहेर काढून अशा थाटात चौफेर पाहिले, की समोर पन्नास पोरे बाकांवर बसली असावीत.

"तुझाच नंबर. म्हटलं नव्हतं, शोधली तर सापडेल? आता दुसरी बघायची नाही. घरचा माल आहे हा."

तिचा अंगठा होडीच्या चिकटवलेल्या जोडावर गेला होता आणि नखाच्या कडेने जोडाची रेघ चाचपत पुढे सरकत होता. आठ महिन्यांपूर्वी निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षे ती हवेने फुगवायच्या होड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. चौदा हा तिचा नंबर. ज्या होडीवर चौदाचा शिक्का, ती होडी तिने फुगवली, चोवीस तास तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशी काट्यावर हवा मोजली आणि मगच सोडली, असा त्याचा अर्थ. चोवीस तासांपुढे ती कोणाचे ऐकत नसे. लग्नघाई असो की मालकाचा पाहुणा दारात उभा असो, होडी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत जागची हलत नसे. कारखान्यात तिला मागे 'पंचांग' म्हणत आणि ते तिला ठाऊक होते.

मास्तरांनी वाचला तो मोठ्या ठशातला आकडा. चष्मा त्यांच्या खिशात होता आणि गरजेच्या वेळी तो खिशातच ठेवायचा, हा त्यांचा नेम होता. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत छापलेला महिना आणि साल तिने झालर उचलून वाचले. मग तिने अंगठा जोडावरून उचलला आणि पदराला पुसला. अंगठ्याला काही लागलेले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या महिन्यातले एकोणीस दिवस ती कारखान्यात नव्हतीच. मास्तरांची बायपास झाली होती आणि ती त्यांच्या उशाशी लोखंडी स्टुलावर बसून होती. रजा शिल्लक नव्हती. सुपरवायझर म्हणाला होता, बाई, तुम्ही जा, माणूस आधी. शिक्का तेवढा माझ्या खणात ठेवून जा. तिने ठेवला. परत आली तेव्हा त्याने तिच्यापुढे रजिस्टर उघडले. एकोणीस दिवसांत दोनशे बारा होड्या, प्रत्येकीपुढे 'चोवीस तास, उत्तीर्ण' आणि प्रत्येकीपुढे काट्याचा आकडा तोच, दशांशापर्यंत तोच. खोटे लिहायलाही किंचित कल्पनाशक्ती लागते; लिहिणाऱ्याकडे तेवढीही नव्हती किंवा त्याला तिची गरज वाटली नव्हती. वाचणार कोण, हे त्याला पक्के माहीत होते. सहीची जागा फक्त कोरी होती. तिने विचारले, किती वेळ ठेवल्या? सुपरवायझर म्हणाला, ऑर्डर घाईची होती, तास-तासभर ठेवल्या. मग अतिशय सौजन्याने त्याने दुसरे रजिस्टर तिच्याकडे सरकवले आणि सांगितले, की तिची एकोणीस दिवसांची हजेरीही त्याच पेनाने भरली आहे.

तिने सह्या केल्या. दोनशे बारा. कोणी धमकावले नाही, आवाज चढवला नाही. उलट चहा मागवला. तेव्हापासून ती वर्तमानपत्र मागच्या पानाकडून वाचत असे, कारण अपघाताच्या बातम्या आत बारीक अक्षरांत असतात. अजून तरी काही आढळले नव्हते. पण जो पुरता न सुकलेला जोड सावलीत वर्षभर गप्प बसतो, तो उन्हात पाण्याच्या मधोमध, आतली हवा तापून फुगली की एका क्षणात उघडतो, हे तिने तपासणीच्या टेबलावर पाहिलेले होते. त्याला आवाजही फार होत नाही.

"ही जड आहे," ती म्हणाली.

"जड? अगं, चौदा किलो. तुझ्या पुस्तकांची पेटी याहून जड."

"गाडीतून काढायची, पाण्यापर्यंत न्यायची. टाके भरलेत तुमचे, पण म्हणून हमाली करायची नाही."

"टाके भरून दोन वर्षं झाली. डॉक्टर स्वतः म्हणाले, गळ टाकून बसत जा, छातीला बरं. काठावर बसून काय मिळतं? शेवाळ आणि बेडूक. मासा आत असतो." त्यांनी दुकानदाराकडे पाहून डोळा बारीक केला. "काठावर बसणाऱ्याला उपदेश मिळतो, मासा नाही."

दुकानदार हसला. बोलका माणूस होता. गिऱ्हाइकाचे बोलणे खाली पडू द्यायचा नाही. त्याने होडीच्या फुगीर कडेवर थाप मारली. टणक आवाज आला. बघा, दगड आहे दगड, तो म्हणाला. दुकान उघडले, दिवे लावले, की आपले पहिले काम हेच. पायाने पंपाचे वीस दाब हिला द्यायचे, की दिवसभर हिच्याकडे बघायला नको.

"वीस?" तिने विचारले. "रोज?"

"फुगवलेली वस्तू आहे, ताई. माणसालासुद्धा दोन वेळा जेवायला लागतंच की."

"आणि ही?" तिने शेजारच्या करड्या, दुसऱ्या कंपनीच्या होडीकडे बोट केले.

"हिला? हिला आठवड्यातनं एकदा बघतो. ही कमी खाते."

ही दोन वाक्ये त्याने लागोपाठ उच्चारली आणि त्यांची एकमेकींशी गाठ घालून देण्याची त्याला जरूर वाटली नाही. होडीच्या कडेवर पांढऱ्या अक्षरांत छापले होते: दोन माणसे, दोनशे किलो. त्याखाली मोठ्या अक्षरांत, सुरक्षित. ही शेवटची गोष्ट होडीवर छापायचे ज्या बैठकीत ठरले, तिला कारखान्यातले सगळे साहेब हजर होते. तपासणी विभागातून कोणाला बोलावलेले नव्हते.

तिने करड्या होडीची बाजू मांडायला सुरुवात केली. हवेचे कप्पे तीन आहेत, दोन नव्हेत. एक गेला तरी दोन उरतात. तळाशी फळ्या आहेत, पाठ धरणार नाही. वल्ह्यांच्या कड्या पितळी आहेत. एकामागून एक कारणे ती देत गेली. प्रत्येक कारण खरे होते आणि त्यातले एकही कारण नव्हते. मास्तर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. सव्वीस वर्षे त्यांनी बायकोचा नंबर मिरवला होता. शाळेच्या सहलीत तलावावर होड्या दिसल्या की ते मुलांना रांगेत उभे करून झालर उलटून दाखवत: हा आकडा म्हणजे काय, तर कोणीतरी एक दिवस आणि एक रात्र थांबलेले आहे. मुलांना त्यातले काही कळत नसे. मास्तरांना मात्र दर वेळी नव्याने कळे.

"मला एक सांग," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुझ्या हातची वस्तू तुलाच का नको?"

"माझ्या हातची म्हणून काय शेवटपर्यंत तीच वापरायची? सोनाराच्या बायकोनं दुसरीकडचा दागिना घालूच नये का?"

"सोनाराच्या बायकोला खोट माहीत असते म्हणून ती घरचा घालत नाही," दुकानदार मध्येच म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खुश होऊन पंप जागेवर ठेवायला वळला.

तिने त्याच्या पाठीकडे पाहिले. मग खाली वाकून, जणू आपल्याला दुसरा उद्योगच नाही अशा रीतीने, करड्या होडीच्या झडपेचे टोपण उघडले आणि पुन्हा लावले.

"तुझी मर्जी," मास्तर अखेर म्हणाले. "पाण्यात मी बसणार, पसंती तुझी. संसारच केलाय असा, आता होडीचं वेगळं काय करायचं." करडी होडी बांधायला सांगून ते काउंटरपाशी जाऊन गळांच्या डब्या उगाच वरखाली करू लागले.

ती उभी राहिली. तिला सुटल्यासारखे वाटले आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. आपला माणूस वाचला. दगडासारखी होडी मागे उभी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ तिने दोन वर्षे इतकी आवळून धरली होती, की आत काय आहे ते हातालाही विसरायला झाले होते.

दार ढकलून एक सडपातळ गृहस्थ आत आला. मोजायची फीत अजून गळ्यातच होती. दुकानदाराने त्याला 'या टेलर' म्हणून बोलावले. शेजारच्याच गल्लीत त्याचे शिवणकाम होते. महिनाभर तो काचेतून होडी बघत होता म्हणे, आज मशीन बंद करून आला. तो थेट चौदाच्या होडीपाशी गेला आणि खाली बसून जोडावरून बोट फिरवू लागला. कापडावर जन्म काढलेल्या माणसाचे बोट, अगदी तिच्या अंगठ्यासारखेच.

"टाका एक नाही, तरी धरलंय बघा," तो कौतुकाने म्हणाला. "मला होडी पक्की पाहिजे. मला पोहता येत नाही."

"पोहता येत नाही आणि पाण्यात जायचंय?" दुकानदार म्हणाला.

"दहा तास मशीनवर मान खाली घालून बसतो. एक दिवस तरी मान वर करून बसावं म्हणतो, जिथं कोणी 'झालं का, झालं का' विचारत नाही. पोहायचं असतं तर होडी कशाला घेतली असती?"

मास्तर डब्या सोडून वळले. एवढा वेळ गिळलेला अभिमान त्यांना पुन्हा वर आणायला एवढे निमित्त पुरे होते. ते म्हणाले की घ्या, डोळे मिटून घ्या. आमच्या घरात पितळी कड्यांची आवड निघाली म्हणून आम्ही दुसरी घेतोय, एरवी ही सोडली नसती. ही होडी ज्यांनी तपासली त्या बाई इथेच उभ्या आहेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

टेलरने तिच्याकडे पाहिले आणि अर्धवट उठून नमस्कार केला.

"खरंच ताई? तुम्ही तपासली?"

तेवढ्यात मास्तर पुन्हा गुडघ्यांवर बसले होते. या खेपेस, पुराव्यात उणीव राहू नये म्हणून, त्यांनी खिशातून चष्मा काढला.

"हे बघा. इथं. चौदा. आणि पुढं महिना आणि..."

ते थांबले.

फळ्यावर लिहिताना खडू मोडावा आणि हात रेघेच्या मध्यावर तसाच राहावा, तसे त्यांचे बोट त्या बारीक अक्षरांवर राहिले. त्यांचा दुसरा हात वर गेला आणि सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी, जिथून व्रणाची रेघ सुरू होत होती, तिथे टेकला. तो महिना त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या महिन्यातल्या प्रत्येक सकाळी डोळे उघडले की त्यांना लोखंडी स्टूल दिसले होते आणि स्टुलावर ती.

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही. एवढेच तिच्या हातात होते आणि तेवढे तिने केले.

मास्तर सावकाश उठले. गुडघ्याची धूळ झटकली, चष्मा घडी करून खिशात ठेवला.

"ही आम्ही घेतोय," ते दुकानदाराला म्हणाले.

"अहो, तुमची ती करडी बांधायला घेतली."

"ती राहू द्या. हीच."

"पण आत्ता तर तुम्ही म्हणालात..." टेलर गोंधळून म्हणाला.

"म्हातारपणी मन पालटतं. माफ करा." मास्तरांचा आवाज सरळ होता, फक्त ते टेलरच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या गळ्यातल्या फितीकडे बघत होते.

तिला सारे समजले. चाळीस वर्षे या माणसाने एकही गोष्ट झाकून ठेवली नव्हती. पोटात काही राहत नाही म्हणून त्याला चार माणसांत न्यायची तिला धास्ती वाटे. आणि आज, पहिल्यांदाच, त्याने काही न विचारता तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली होती. घरी नेऊन तो ती होडी माळ्यावर टाकील, पुन्हा कधी पाण्याचे नाव काढणार नाही, आणि या विषयावर दोघांत कधी एक अक्षर निघणार नाही.

दुकानदाराला मात्र अडचण अशी काही दिसलीच नाही. त्यात काय, तो टेलरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ही त्यांना नेऊ दे. हिच्या दोन सख्ख्या बहिणी मागच्या खोलीत खोक्यात आहेत. त्याच महिन्याचा माल, त्याच नंबरचा, अजून फीतसुद्धा कापलेली नाही. आणि तो आतल्या दाराकडे चालू लागला.

मास्तरांनी डोळे मिटले.

"त्या काढू नका," ती म्हणाली.

दुकानदार दारातच वळला. "का?"

"त्या कोणाला देऊ नका. शिक्का माझा आहे. तपासणी माझी नाही. त्या महिन्यातले एकोणीस दिवस मी कारखान्यात नव्हते. चोवीस तासांच्या होड्या तासाभरात सोडल्यात. जोड सुकलेला नाही, म्हणून तर तुम्हाला रोज वीस दाब द्यावे लागतात. उन्हात सुटेल."

टेलरने होडीवरचा हात काढून घेतला.

"ताई," दुकानदार म्हणाला, आणि आता त्याच्या स्वरातले अगत्य पातळ झाले होते, "कंपनीचा कागद आहे माझ्याकडे. आपण दोघांत बोलायची गोष्ट चार लोकांत बोलताय. अशी होडी बाहेर पडते का? तिकडे रजिस्टर असेल. कोणाची तरी सही असेल."

"आहे. माझीच आहे."

"मग तुमचं आत्ताचं खरं धरू, का तेव्हाचं?"

प्रश्न चोख होता. सव्वीस वर्षांत तिला कोणी इतका चोख प्रश्न विचारला नव्हता. पुरावा म्हणून दाखवावे असे जे काही होते, ते सारे तिच्याच अक्षरात तिच्याविरुद्ध लिहिलेले होते.

"आत्ताचं धरा," मास्तर म्हणाले. त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणे काढली. "ही बघा तारीख. त्या महिन्याच्या चारला मला कापलं, बावीसला घरी सोडलं. दवाखान्याचे कागद आहेत, हवे तर आणतो. ही तेवढे दिवस माझ्या उशाशी होती. एका माणसाला दोन ठिकाणी बसता येत नाही, एवढं तर चौथीच्या पोरालाही कळतं." पुढचे शब्द त्यांनी दुकानदाराला उद्देशून म्हटले, पण ते वेगळ्याच कोणाला तरी सांगत होते. "ती सही माझ्यापायी झालीय."

"तुमच्यापायी नाही," ती म्हणाली. "केली मी."

दुकानदाराने त्या पांढुरक्या, सरळ व्रणाकडे पाहिले. मग आतल्या दाराला त्याने कडी घातली. त्याचा चेहरा आता दुकानदाराचा नव्हता; तो मनातल्या मनात काहीतरी आठवत होता, एकेक करून.

"आधीच्या किती गेल्या?" तिने विचारले.

"सात," तो म्हणाला. "सगळ्या याच उन्हाळ्यात."

"कोणाला, ते ठाऊक आहे?"

होते. वॉरंटीच्या कार्डाचा अर्धा भाग दुकानात ठेवायची त्याची पद्धत होती, फोन नंबरासकट. गिऱ्हाईक पुन्हा बोलावता येते. त्याने काउंटरखालून पुठ्ठ्याचा डबा काढला आणि सात कार्डे वेगळी करून तिच्यापुढे मांडली. टेलरने न सांगता स्टूल पुढे सरकवले. तिने फोन दुकानदाराचाच मागून घेतला. ओळखीचा नंबर असला की लोक उचलतात.

पहिल्याने होडी अजून खोक्यातून काढलीच नव्हती. ऐकून घेतले आणि बरे म्हणाला. दुसरा हसला, दुसरी कंपनी तुम्हाला किती देते असे त्याने विचारले, आणि तिला सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागले. सांगताना प्रत्येक वेळी 'सही माझी' इथपर्यंत यावे लागे; तिथे आवाज खाली जात असे आणि ती तो पुन्हा वर आणत असे. तिसरा चिडला, तिला दोन शब्द बोलला, ते तिने ऐकले, आणि होडी घेऊन येतो म्हणाला. मास्तर शेजारी उभे राहून फोन झाला की ते ते कार्ड उलटे करून ठेवत होते. बाहेर रस्त्यावर उन्हाने माणसे सावलीच्या कडेकडेने चालली होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला आले होते.

चौथा फोन बराच वेळ वाजला. मग एका बाईने उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"ते नाहीत," ती बाई म्हणाली. "पहाटेच गेलेत होडी घेऊन. फोन घरीच ठेवून जातात, पाण्यात भिजतो म्हणून. काही निरोप सांगायचाय का?"

मास्तरांचा हात पुढच्या कार्डावर होता, तो तिथेच राहिला. दुकानदाराने काउंटरवरची गाडीची किल्ली उचलली.

"निरोप नाही," ती म्हणाली. "कुठल्या पाण्यावर गेलेत, तेवढं सांगा."